गेल्या वर्षीचा फोटो

वहिनीचं मनगट दुखायला लागलं तेव्हा तिने आधी पातेल्यांना दोष दिला, मग पिळायच्या चादरींना, मग वयाला. माउसचं नाव तिने घेतलं नाही. त्या माउसवर तिचा जीव होता, आणि जिथे जीव गुंतलेला असतो तिथे माणूस बोट दाखवत नाही. शेजारणीकडे दाखवतो, हवेकडे दाखवतो, काहीच सापडलं नाही तर नशीब आहेच.

धाकट्या दिराच्या मात्र ते लक्षात आलं. तो त्या दिवसांत भावाकडे राहायला आला होता. जुनी नोकरी सुटली होती, नवी सुरू व्हायला अवकाश होता, आणि वहिनीच्या हातचं खाऊन गुबगुबीत व्हायचं एवढंच काम त्याने अंगावर घेतलं होतं. वहिनीने त्याच्यासमोर चहा ठेवला तो डाव्या हाताने, आणि निम्मा बशीत सांडला.

"वहिनी, उजव्या हाताला काय झालंय?"

"काही नाही हो भाऊजी. झोपेत अंगाखाली आला असेल."

"रोज येतो का अंगाखाली?"

"तुम्ही चहा प्या बघू. गार होतोय."

ती त्याला अहो-जाहो करायची आणि तो तिला अगं-तुगं. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दप्तर फेकून खेळायला पळणारा पोरगा होता. पाढे तिनेच घोकून घेतले, गुडघ्यांना औषध तिनेच लावलं. पण भाऊजी म्हटलं की पुढे 'अहो' आलंच, असं तिचं म्हणणं, आणि तिच्या म्हणण्यापुढे त्या घरात फारसं कोणाचं चालत नसे.

चहा पिऊन तो तिच्या मागोमाग दुकानात गेला.

दुकान शाळेच्या ओळखपत्रांचं होतं. मुलं गळ्यात दोरीने अडकवतात आणि तास चालू असताना चावतात, ते प्लॅस्टिकचं कार्ड. गावातल्या बहुतेक शाळांची कार्डं इथूनच जायची. दुकानाच्या मालकांना सगळे काका म्हणत. काका छपाईच्या यंत्रापाशी बसायचे, मोठ्याने बोलायचे आणि त्याहून मोठ्याने हसायचे. वहिनी खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर. तिला काकाही वहिनीच म्हणत आणि कार्डं पोहोचवणारा टेम्पोवालाही.

तिचं काम ऐकायला सोपं. शाळा सुरू झाली की फोटोग्राफर प्रत्येक वर्गात जाऊन मुलांचे फोटो काढतो. शाळेत नाव घातल्यावर मुलाला जो नोंदणी क्रमांक मिळतो तोच त्या फोटोला देतो. मुलगा शाळा सोडेपर्यंत तो क्रमांक बदलत नाही. वहिनी गेल्या वर्षीचं त्या वर्गाचं फोल्डर उघडायची आणि त्याच्यावरची इयत्ता एकाने वाढवायची. मग एकेक नवा फोटो घेऊन सरळ करायचा, खांद्यापर्यंत कापायचा, मागची भिंत पुसून पांढरी करायची आणि जुन्याच्या जागी ठेवायचा. जो फोटोच्या दिवशी गैरहजर, त्याचा गेल्या वर्षीचाच फोटो राहू द्यायचा. शाळेचे कारकून फोन करून सोडून गेलेल्यांचे क्रमांक सांगत, तेवढे काढून टाकायचे. मग काका छापणार. एका मुलामागे किती क्लिक होत असतील ते कोणी मोजलं नव्हतं. मनगटाने मात्र मोजलं होतं.

दीर मागे उभा राहून बघत होता. "अगं, हे सगळं तू हाताने करतेस?"

"मग काय पायाने करू?"

काका खदखदून हसले. दीर हसला नाही. त्याने तिथल्या तिथे स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसला. "हे सगळं कॉम्प्युटरला सांगून ठेवता येतं, वहिनी. एकदा लिहून ठेवायचं, हे उघड, एवढं काप, तिथे ठेव. याला स्क्रिप्ट म्हणतात. मग तू नुसती एक कमांड द्यायचीस. तो न कंटाळता, न चुकता, दर वेळी तस्संच करणार."

"म्हणजे तुमच्या दादासारखा नाही म्हणायचा. त्यांना दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं."

असं म्हणून ती हसली खरी, पण तिला ही स्क्रिप्ट नको होती. त्याचं कारण दहावीच्या फोल्डरमध्ये होतं, आणि ते तिच्याशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हतं.

वहिनीला एक मुलगी होती. घरात तिला टिकली म्हणत, कारण जन्मली तेव्हा होतीच तेवढी. पुढे ती चांगली दणकट झाली, शेजारच्या मुलांना ढकलून घसरगुंडीवर आधी चढायला लागली, तरी नाव टिकलीच राहिलं. पहिलीत गेली तेव्हा तिचा फोटो याच कॉम्प्युटरवर आला आणि वहिनीनेच तो कापला. पुढचा एक दात पडलेला, म्हणून तोंड घट्ट मिटलेलं, आणि हसू काही केल्या आवरत नाही म्हणून गाल फुगलेले. ते कार्ड गळ्यात घालून टिकली झोपायलासुद्धा जायची. ते वर्ष अर्धं सरलं आणि तिला ताप आला. डॉक्टर म्हणाले, उतरेल. उतरला नाही.

त्यानंतर तिच्या नवऱ्याने घरातले टिकलीचे सगळे फोटो गोळा केले, एका पेटीत घातले, पेटी माळ्यावर टाकली आणि तोंडाला कुलूप लावलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला ते झेपत नव्हतं, एवढंच. पण त्याला झेपत नव्हतं म्हणून घरात ते नाव कोणी घेईनासं झालं. शेजारीपाजारीही आपले हवापाण्याचं बोलायचे. बघता बघता असं झालं की टिकली नावाची कोणी त्या घरात कधी नव्हतीच.

पुढच्या वर्षी शाळा सुरू झाली आणि शाळेच्या कारकुनाचा दुकानात फोन आला. सोडून गेलेल्यांचे क्रमांक तो सांगत होता, वहिनी एकेक काढून टाकत होती. मध्येच तो अडखळला, खाकरला, आणि एक क्रमांक अगदी हळू आवाजात म्हणाला. वहिनी म्हणाली, "हं, कळलं. तो मी करते." फोन ठेवला. बाकीचे सगळे काढले. तो एक काढला नाही.

इतकंच तिने केलं. छपाईला द्यायच्या आधी ती टिकलीचा फोटो त्या फोल्डरमधून बाजूला ओढायची आणि छापून झालं की परत जागच्या जागी नेऊन ठेवायची. टिकली दुसरीत गेली. मग तिसरीत. दरवर्षी आजूबाजूचे चेहरे बदलायचे. दात पडायचे, नवे फावड्यासारखे यायचे, वेण्या जाऊन बॉबकट व्हायचे, मुलग्यांच्या ओठांवर काळी रेघ उमटायची. त्यांच्यामध्ये फुगलेल्या गालांची टिकली आपल्या क्रमांकावर बसलेली असायची. त्या चेहऱ्यांकडे बघून वहिनी मनाशी अंदाज करायची. आता हिचाही चेहरा असा लांबट झाला असता. आता हिलाही कपाळावर पुटकुळ्या आल्या असत्या, आणि ती दिवसभर आरशासमोरून हलली नसती.

याला कोणी वेड म्हणेल. वहिनीही मनातून म्हणायची. पण त्या वेडापायी कोणाचं काही बिघडत नव्हतं, आणि दुसरं काही तिच्याजवळ उरलं नव्हतं. यंदा तो वर्ग दहावीत आला होता. वर्ष संपलं की मुलं शाळा सोडणार आणि फोल्डरही जाणार, हे तिला माहीत होतं. एवढं एक वर्ष टिकलीने सगळ्यांबरोबर पार पाडावं, शेवटपर्यंत त्यांच्यात बसावं, याहून तिला काही नको होतं.

आणि नेमका याच वर्षी हा शहाणा स्टूल ओढून शेजारी बसला.

ते दिवस मात्र मोठे सुखाचे गेले, हे सांगितलं पाहिजे. दीर रोज तिच्याबरोबर दुकानात यायचा. तिने एक करायचं, त्याने विचारायचं, "असं का?" तिने सांगायचं आणि त्याने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं टाइप करायची. नोकरी लागल्यापासून तो इतका वेळ तिच्याजवळ बसलाच नव्हता. सणावारी यायचा, पिशव्या ठेवायचा, फोनवर बोलत अंगणात फेऱ्या मारायचा आणि जायचा. आता तो तिच्याकडून शिकत होता. जो पूर्वी सातचा पाढा चुकला म्हणून रडायचा, तो तिला विचारत होता, "वहिनी, चष्म्यावर उजेड चमकला तर काय करतेस?"

"कपाळापासून थोडी जास्त जागा सोडते. म्हणजे डोळे खाली येतात आणि चमक कमी जाणवते."

"आणि कानातले, हेअरबँड?"

"राहू द्यायचे. पोरींचा तो एकच दिवस असतो मिरवायचा."

तो लिहून घ्यायचा. स्क्रिप्ट चालायला लागली तेव्हा दुसऱ्या एका शाळेच्या पाचवीच्या वर्गावर त्यांनी ती चालवून पाहिली. दिराने एक ओळ टाइप केली, एक बटण दाबलं आणि दोघं बघत बसले. पडद्यावर फोटोमागून फोटो सरळ होत होते, कापले जात होते, जागेवर जाऊन बसत होते. वहिनीला ज्याला अख्खा दिवस लागायचा ते चहा येईपर्यंत उरकलं. एकाही मुलाचं कपाळ कापलं गेलं नव्हतं.

"झालं?" वहिनी म्हणाली.

"झालं."

"मग मी काय करू?"

"तू बस की निवांत! तुझ्या मनगटासाठीच तर केलंय हे सगळं." त्याचा चेहरा असा उजळला होता की तिला पुढे काही बोलवेना. तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली. त्याच दुखऱ्या हाताने मारली आणि कळवळली, तेव्हा दोघंही हसले.

मग त्याने गंभीर होऊन विचारलं. हा प्रश्न त्याने विचारला होता, हे नीट ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे तो स्वतःला फार बोल लावणार आहे.

"वहिनी, एक गोष्ट राहिली. गैरहजर असेल त्याचा गेल्या वर्षीचा फोटो घ्यायचा, हे मी घातलंय. सोडून गेलेल्यांचे क्रमांक काढायचे, तेही घातलंय. पण असं कोणी असतं का, की जो फोल्डरमध्ये आहे, सोडून गेलेल्यांत नाही, आणि तरी छापायचा नाही?"

खिडकीतून रस्त्यावरचा आवाज येत होता. काका यंत्रात कोरी कार्डं भरत होते. सांगायचं असतं तर तोच क्षण होता. पण काय सांगणार? टिकली अजून शाळेत जाते, असं? हा बिचारा हादरला असता. दादाला सांगितल्याशिवाय राहिला नसता. मग ती पेटी, तो माळा, नवऱ्याचं ते बधिर तोंड, सगळं पुन्हा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याने समजून घेतलं असतं. हळू आवाजात, हात धरून, 'वहिनी, आता पुरे' असं म्हणाला असता. ते तिला सोसलं नसतं.

"नाही हो," ती म्हणाली. "असं कोण असणार?"

तिने मनात ठरवून टाकलं होतं. दहावीची कमांड आपणच द्यायची. त्याआधी टिकलीला बाजूला ओढायचं, छापून झालं की परत ठेवायचं. दरवर्षी करतो तेच, त्यात काय मोठं? स्क्रिप्ट गेली खड्ड्यात.

पण चांगली माणसं एकदा चांगलं करायला लागली की थांबत नाहीत. वहिनीच्या मनगटासाठी दिराने डॉक्टरांची वेळ घेतली होती. ती आणि नवरा सकाळीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मनगट दाबलं, वाकवलं, पट्टा दिला आणि हाताला विश्रांती द्या म्हणाले. ती दवाखान्याच्या बाकावर बसलेली असताना इकडे दुकानात काका दिराला म्हणाले, "अरे, वहिनींनी ती कमांड तरी कशाला द्यायची? फोटो आले की आपोआप नाही का होणार?"

"होईल की," दीर म्हणाला. "सोपं आहे."

सोपंच होतं. त्याने चार ओळी वाढवल्या. फोटोग्राफरने फोटो कॉम्प्युटरवर टाकले की स्क्रिप्ट आपली आपण जागी होणार, सगळे वर्ग तयार करणार आणि थेट काकांच्या यंत्राकडे पाठवणार. फोटोग्राफर त्याच दुपारी टिकलीच्या शाळेचे फोटो घेऊन आला. संध्याकाळपर्यंत यंत्र खडखडत होतं. कार्डं वर्गावार पाकिटांत भरली गेली. भरताना काका टेम्पोवाल्याशी गप्पा मारत होते, आणि गप्पा मारताना काका कशाकडेही बघत नसत. पाकिटं शाळेत पोहोचली. दोघंही खूश होते. वहिनीला उद्या आश्चर्याचा धक्का देऊ, असं त्यांचं ठरलं.

तो त्यांनी दिला.

"वहिनी, ओळखा बघू काय झालं!" ती दाराशी आली तोच काका ओरडले. "शाळेचं सगळं काम खल्लास! पाकिटं रवाना!"

तिने चप्पल काढता काढता विचारलं, "सगळे वर्ग?"

"पहिली ते दहावी, एकूण एक!"

ती कॉम्प्युटरपाशी गेली. डाव्या हाताने माउस धरून दहावीचं फोल्डर उघडलं. सगळे चेहरे नवे कोरे, मोठे झालेले. मध्ये टिकली, फुगलेल्या गालांची, आणि तिच्या फाइलीवर बाकीच्यांसारखीच खूण. छापलं. स्क्रिप्टची काही चूक नव्हती. तिने नवा फोटो शोधला, सापडला नाही, म्हणून ही पोर त्या दिवशी गैरहजर असणार असं धरलं आणि गेल्या वर्षीचा घेतला. सांगितलं होतं तेच तिने केलं, न कंटाळता, न चुकता.

वहिनीने माउस सोडला. वाटलं, आत्ता उठावं, शाळेत जावं, शिपायाला गाठून ते एक कार्ड काढून घ्यावं. उठलीही. मग कार्ड मागायचं म्हणजे नाव घ्यावं लागणार, हे लक्षात आलं. नाव घेतलं की का, कशाला, कोण, हे आलं. ती पुन्हा बसली. दीर म्हणाला, "खूश नाहीस का गं?" ती म्हणाली, "आहे की." तो सबंध दिवस ती खिडकीजवळ बसून होती. करायला काही नव्हतं, आणि हात मांडीवर ठेवून बसायची तिला सवय नव्हती.

शाळा सुटायच्या वेळेनंतर दुकानाच्या दारात एक मुलगी आली. उंच, शाळेच्या गणवेशात, खांद्यावर दप्तर. "काका, इथेच कार्डं बनतात ना आमच्या शाळेची?"

वहिनीने मान वर केली आणि तिला ओळखलं. पहिलीपासून दरवर्षी तिने हा चेहरा कापला होता. ही पोर टिकलीच्या बाकावर बसायची. हिच्या डब्यातलं टिकली खायची आणि टिकलीच्या डब्यातलं ही. बाईंनी एकदा दोघींची जागा बदलली तेव्हा दोघींनी वर्ग डोक्यावर घेतला होता, आणि वहिनीला शाळेत जाऊन बाईंच्या हातापाया पडावं लागलं होतं. घरी यायची, दारातूनच हाका मारायची. आता ती दुकानाच्या उंबरठ्यावर उभी राहून अनोळखी माणसांकडे बघतात तसं, नम्रपणे, वहिनीकडे बघत होती.

"बोल बाळा," काका म्हणाले.

"हे एक कार्ड आमच्या वर्गात चुकून आलंय." तिने दप्तराच्या कप्प्यातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "बाईंनी नाव पुकारलं, पण या नावाची कोणी नाहीच आमच्यात. मग बाईंनी फोटो दाखवला तर सगळे एवढे हसले! पहिलीतलं कोणीतरी असणार, आणि खाली लिहिलंय दहावी. मुलं म्हणाली, बघा, ही जन्मतःच दहावी झाली. बाईंनाही हसू आवरेना. मी इकडूनच घरी जाते, म्हणून म्हटलं देऊन टाकावं."

दिराने सहज हात पुढे करून कार्ड उचललं. बघितलं. मग त्याचा चेहरा उतरला. "वहिनी," तो म्हणाला, आणि त्याने कार्ड तिच्याकडे वळवलं.

वहिनी उठली होती. ती मुलीसमोर जाऊन उभी राहिली.

"पहिलीच्या वर्गात नेऊन देऊ का, काकू?" मुलगी म्हणाली. "मी उद्या जाईन. ती बिचारी वाट बघत असेल कार्डाची."

"नको गं," वहिनी म्हणाली. "ती आता नाही त्या शाळेत. तुमच्याच वर्गात होती. पहिलीत."

"आमच्या? मग मी ओळखायला हवं." मुलीने दिराच्या हातातल्या कार्डाकडे पुन्हा वाकून पाहिलं. तिने मनापासून आठवायचा प्रयत्न केला, हे वहिनीला दिसत होतं. भुवया आकसल्या, ओठ चावला. शेवटी तिने मान हलवली. "नाही आठवत. सॉरी काकू. पहिलीतलं मला काहीच आठवत नाही."

"असू दे. केवढ्याशा होतात तुम्ही."

एवढं बोलून वहिनी थांबली, कारण तिच्या आत्ता कुठे लक्षात आलं की आपण मान वर करून बोलतो आहोत. फोटो खांद्यापर्यंतच असतो. इतकी वर्षं तिने या मुलांचे गाल बघितले, दात बघितले, केस बघितले, पण ती केवढी झाली हे तिला कधी कळलंच नव्हतं. मनातली टिकली चेहऱ्याने मोठी होत होती आणि उंचीने तिच्या कमरेएवढीच राहिली होती. ही पोर तिच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच होती.

"किती उंच झालीस गं तू," तिच्या तोंडून निघून गेलं.

मुलगी लाजली. "सगळे तेच म्हणतात. पण मी वर्गात काही सगळ्यात उंच नाही हं, काकू. माझ्याहून उंच आहेत." मग तिने दप्तर सावरलं, येते म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली. कोपऱ्यावर तिच्या दोन मैत्रिणी थांबल्या होत्या. तिघी मोठमोठ्याने बोलत वळणाआड गेल्या.

 काका उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

"मी विचारलं होतं गं तुला," दीर म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "वहिनी, मी विचारलं होतं. मला कळायला हवं होतं. निदान चालवायच्या आधी मी दहावीचं उघडून तरी बघायला हवं होतं. काय केलं मी हे!"

"तुम्ही काही नाही केलंत. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"दरवर्षी ठेवतेस?"

"दरवर्षी."

"दादाला माहीत आहे?"

तिने मान हलवली. तो स्टुलावर बसला, घाईघाईने नाक पुसलं आणि ती काळी खिडकी उघडली. "हे बघ, मी आत्ता घालतो. एक ओळ लागते फक्त. हा क्रमांक कधीच छापायचा नाही. फोटो तिथेच राहील, कोणी हात लावणार नाही, कोणाला कळणार नाही. दादालाही मी सांगत नाही. वर्ष संपेपर्यंत राहू दे तिला. राहू दे वहिनी, तिथेच."

वहिनीने कार्ड उचलून पदराने पुसलं. त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं. फुगलेले गाल, मिटलेलं तोंड आणि खाली ठळक अक्षरांत इयत्ता दहावी. घरात कोणी नाव घेत नव्हतं तेव्हा तिने पोरीला या वर्गात बसवलं होतं, चार मुलांच्यात असावी म्हणून. इतकी वर्षं तिला वाटत होतं की टिकली तिथे सुखात आहे.

"नको," ती म्हणाली. "काढून टाका."

"वहिनी, यातून काढलं की ते परत येत नाही. केराच्या टोपलीतही जात नाही. माळ्यावरची पेटी आणि हे कार्ड सोडलं तर हाच फोटो आहे ना आपल्याजवळ?"

"काढा भाऊजी. ऐका माझं. ती सगळी एवढी मोठी झाली आणि ही अजून एवढीशी. काढा तिला त्या वर्गातून. हसतात हो मुलं तिला."

त्याने तो क्रमांक सोडून गेलेल्यांत घातला.